काटामामूंचा साडेतीन किलो खजूर

काटामामूंच्या दुकानात कॅमेरा आधी डोळ्याला लावायची पद्धत नव्हती. आधी काट्याला लावायचा. गिऱ्हाइकानं कपाटातल्या एखाद्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, की मामू तो काढायचे, त्याला लेन्स चढवायचे, पट्टा अडकवायचे आणि विमानाचं सामान तोलायच्या हातकाट्याच्या आकड्याला टांगून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. वटवाघळासारखा तो कॅमेरा हेलकावत राही. आकडा स्थिर झाला की मामू चष्म्यावरून बघत विचारायचे, "हां. आता सांग, पायी किती चालतोस?"

या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस मी त्या दुकानात एकही पाहिला नाही. मी तर नाहीच दिलं. "रोज सात-आठ किलोमीटर," असं मी छाती काढून सांगितलं होतं. मामूंनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "बरं. म्हणजे दोन."

जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, लाकडी सज्जांच्या घरांच्या एका अरुंद गल्लीत हे दुकान होतं. खरं म्हणजे ते कॅमेऱ्यांचं दुकान नव्हतंच. घरी निघालेल्या माणसांचं होतं. खोकी, नायलॉनची दोरी, चिकटपट्ट्या, चाकांच्या बॅगा आणि ते काटे. आखातात राहिलेल्या माणसाला सांगायला नको, पण सुटीला निघताना तीस किलोच्या वर एक साबणाची वडी गेली तरी विमानतळावर फरशीवर बसून खोकं उघडावं लागतं, आणि मग बायकोसाठी घेतलेल्या वस्तू सगळ्या रांगेला बघायला मिळतात. ती नामुष्की टाळायला लोक आधी मामूंकडे यायचे. त्यातले जे कायमचे परत निघालेले असत, ते शेवटच्या दिवशी हौसेचा कॅमेराही विकून जात. अशा कॅमेऱ्यांनी मामूंचं काचेचं कपाट भरलेलं होतं. मीही पहिल्या सुटीच्या वेळी दोरी घ्यायला गेलो आणि दरवर्षी जात राहिलो. 'मामू' त्यांना सगळेच म्हणायचे. 'काटा' आम्ही मराठी मंडळींनी मागाहून जोडला, आणि त्यांना तो आवडलाही.

मामू रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. विशीत इथं आले ते साठीला टेकले तरी इथंच. शिडशिडीत अंग, पांढरी दाढी, चौकड्यांचा शर्ट. मी कराडचा, म्हणून मी कायम 'घाटावरचा'. त्यांच्या लेखी घाटावरच्या माणसाला दोन गोष्टी कळत नसत, मासे आणि ओझं. "तुमच्याकडं बैल असतात रे. आमच्याकडं सगळं डोक्यावरनं होडीत आणि होडीतनं डोक्यावर. वजन आमाला शिकवू नको."

त्यांनी मला वजन शिकवायचं कारण म्हणजे आमची आभाची सहल. तीन वर्षांपूर्वी मी मॉलमधल्या चकचकीत दुकानातून एक भलामोठा कॅमेरा, चार लेन्सा आणि ट्रायपॉडचं तिकाटणं असा सगळा दारूगोळा घेतला होता आणि तो घेऊन आम्ही आभाच्या डोंगरात गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, बायको मेधा आणि मुलगी सई. तिथे एका कड्यावरचा ढग बाजूला व्हायची वाट बघत मी तिकाटण्यापाशी उभा राहिलो. मेधा आणि सई जेवून आल्या, बाजारात फिरून आल्या, परत आल्या, तरी मी उभाच. अखेर ढग हटला. तोवर बॅटरी संपली होती. घरी येऊन पाहिलं तर नऊशे फोटोंपैकी साडेसहाशे माकडांचे. सईचे तीन. दोन पाठमोरे, आणि तिसऱ्यात तिच्या तोंडावर माकडाची शेपटी. सई ते बघत शांतपणे म्हणाली होती, "बाबा, यू वेअर नॉट ईव्हन देअर."

ही हकीकत मी दुकानात मामूंना सांगितली तेव्हा त्यांनी माझी ती बॅग काट्याला लावली. "सात किलो दोनशे. हे तू हौसेनं उचलतोस? कोणी मारत नाय ना तुला?"

यंदा सईचं बारावीचं वर्ष. इथल्या आपल्या मुलांचं ठरलेलंच असतं. बारावीची परीक्षा झाली की बहुतेक जण पुढच्या शिक्षणाला भारतात जातात, आणि मग आईबापांच्या घरात एक खोली नुसती झाडली जाते. सईचं पुण्याला जायचं पक्कं होतं. परीक्षेनंतर तिघांनी अल-उलाला जायचं, वाळवंटातले ते लाल डोंगर आणि दगडात कोरलेल्या समाध्या बघायच्या, एवढी एकच सहल हातात होती. सईनं अट घातली. "बाबा, तू ती तोफ आणणार असशील तर आय ॲम नॉट कमिंग. सीरियसली. तू आणि आई जा." मेधाकडे मी आशेनं पाहिलं. ती म्हणाली, "मी पण नाही येणार. तू आणि तोफ जा."

तोफ मी दुसऱ्या दिवशी विकून टाकली. आता घ्यायचा होता छोटा, प्रवासाला सुटसुटीत असा मिररलेस कॅमेरा, ज्याच्या पोटात आरसा नसतो आणि म्हणून जो आटोपशीर असतो. इथवर माझं डोकं ताळ्यावर होतं. पुढे माझी नोकरी आड आली. कंपनीसाठी सॉफ्टवेअर विकत घेताना विक्रेत्यांना गुण द्यायचे, हे माझं काम. मी एक्सेल उघडलं. अकरा कॅमेरे, सव्वीस निकष, प्रत्येक निकषाला टक्के. सेन्सरचा आकार, अंधारातली कामगिरी, धुळीपासून बचाव, बॅटरी, पुढे लेन्सा मिळतील की नाही, सगळं. नऊ आठवडे मी ते कोष्टक कुरवाळत होतो. पहिला आलेला कॅमेरा मला मनातून नको असला की मी निकषांचे टक्के बदलायचो. ऑफिसात दुसऱ्या कुणी असं केलं तर मी लेखी खुलासा मागतो. एकदा मेधानं मागे उभं राहून सगळे सव्वीस रकाने वाचले आणि विचारलं, "यात सई कुठल्या रकान्यात आहे?"

सहलीला बारा दिवस उरले तेव्हा मी तो कागद घेऊन मामूंकडे गेलो. मामूंनी तो उलटसुलट पाहिला, चिमट्यात पकडला आणि काट्याला टांगला. "शून्य," ते म्हणाले. "ह्याला काय वजन नाय. पुढं बोल."

पुढे मी बोललो ते असं, की मला मोठ्या सेन्सरचाच कॅमेरा हवा, पण छोट्या चणीचा. असे आता निघालेत. त्यांच्या कपाटात एक होताही. तळहातावर मावेल इतका देखणा. मी हरखलो. मामू म्हणाले, "बॉडी बघून भुलू नको. ही नवरी फोटोतली हाय. आता तिची माणसं बघ." आणि त्या मोठ्या सेन्सरला लागणाऱ्या तीन लेन्सा त्यांनी एकेक करून समोर मांडल्या. दुधाच्या बाटल्यांएवढ्या. "कॅमेरा बारीक करता येतो रे, काच बारीक करता येत नाय. सेन्सर मोठा, तर काच मोठी. कंपनी जाहिरातीत फक्त बॉडी दाखवते." सगळं मिळून काट्यावर भरलं साडेतीन किलो, चार्जर आणि पिशवीसकट.

"साडेतीन म्हणजे निम्मं झालं की मामू! सातावरून साडेतीन!"

"ह्या हिशोबानं तू निम्मा सुधारलास," मामू म्हणाले. "विकत नाय मी तुला. आधी हे ने."

हे म्हणजे काय, तर एक खांद्याची पिशवी. तिच्यात त्यांनी खजुराची अर्ध्या किलोची सात पाकिटं भरली, काट्याला लावून खात्री केली आणि माझ्या गळ्यात अडकवली. दुपार कलली होती; असरच्या नमाजाला ते दुकान बंद करणार होते. "मक्का वेशीपर्यंत जा आणि गल्लीगल्लीनं परत ये. मी नमाज पढून येतो. पिशवी खाली ठेवायची नाय." असं ते प्रत्येकालाच करायला लावत हे मला मागाहून कळलं. कुणी रागावून जाई, कुणी हसून. पण मामूंचा नियम पक्का. फिरणाऱ्याला कॅमेरा विकायचा तर आधी त्याचं वजन फिरवून आणायचं.

जेद्दाची दमट हवा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी माझी कीव करावी. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी माझा खांदा बोलू लागला. तिसऱ्या गल्लीत एक सरबताचं दुकान होतं, आत गार हवा, कोपऱ्यात रिकामी खुर्ची. मी आत शिरलो, पिशवी शेजारच्या खुर्चीवर बसवली, लिंबू-पुदिन्याचं सरबत मागवलं, मग आणखी एक मागवलं. चाळीस मिनिटांनी पिशवी गळ्यात घालून, चेहऱ्यावर थोडा थकवा आणून मी दुकानात हजर झालो. "काही त्रास नाही मामू! मस्त फिरून आलो. वेशीपाशी गर्दी होती जरा."

मामूंनी पिशवी उतरवली आणि माझा खांदा निरखून पाहिला.

"शर्टाची इस्त्री कुठं मोडली नाय तुझी," ते म्हणाले. "पट्ट्याखाली घामाचा पट्टा नाय. कुठं बसला होतास?"

मी सरबतवाल्याचं नाव घेतलं. पन्नाशीकडे झुकलेला, चाळीस लोकांच्या विभागाचा प्रमुख असलेला मी, शाळेत पकडलेल्या पोरासारखा उभा. वाटलं, आता हाकलणार. पण मामूंना उलट आनंद झालेला दिसला. स्टूल पुढे सरकवून ते म्हणाले, "बस. आता तुझं माप मिळालं. हे बघ घाटावरच्या, तू तोफ वाहणारा नव्हेस. तू तोफ खुर्चीवर ठेवून सरबत पिणारा हायस. त्यात वाईट काय नाय. पण माणूस जसा हाय तसा कॅमेरा घ्यावा. जसा व्हायचा हाय तसा घेऊ नये. ह्या कपाटात सगळे तसलेच पडलेत."

मग त्यांनी कपाट उघडलं. एक धूड काढून लॅपटॉपला जोडलं. किती फोटो काढले ते कॅमेऱ्याच्या पोटात नोंदलेलं असतं. "हा एका इंजिनियरचा. सात वर्षं होता त्याच्याकडं. चारशे बारा फोटो. निम्मे खोकं उघडल्या दिवशीचे असतील." तो ठेवून दुसरा काढला, हातात लपेल एवढा, कोपऱ्यांवरचा रंग उडून पितळ दिसायला लागलेला. "हा त्याच्या बायकोचा. एकाच दिवशी दोघं विकून गेली. ह्यात बावीस हजार."

मी त्या छोट्याकडे बघून कुरकुरलो, "पण मामू, याचा सेन्सर लहान आहे."

"फोटो केवढा छापणार तू? दुकानावर पाटी लावणार काय?"

"अंधारात दाणेदार येतात फोटो."

"अंधारात झोपावं माणसानं."

मी तो घेतला. त्याला दोन लेन्सा होत्या, एक चपटी, बिस्किटाएवढी, आणि एक लांबचं दिसणारी. मामूंनी लांबची काढून घेतली. "ही इथंच राहील. परत आलास की सांग, कुठल्या जागी हिच्यावाचून अडलं. जागा सांगितलीस तर देतो." कॅमेरा आणि बिस्किट मिळून काट्यावर साडेचारशे ग्राम भरलं. बाहेर पडताना मला एकदम हलकं वाटलं. थोडं फसवल्यासारखंही वाटलं, ते नाकारत नाही. नऊ आठवड्यांची मेहनत होती ती.

अल-उलाला पहिल्या सकाळी त्या कोरीव समाध्यांसमोर मी पहिला फोटो काढला. सई म्हणाली, "बाबा, दाखव ना." मी दाखवला. तिनं कॅमेरा माझ्या गळ्यातून काढून घेतला, स्वतःच्या गळ्यात घातला, आणि तो तीन दिवस परत आलाच नाही. मी दोनदा मागितला. तिसऱ्यांदा नुसती रीत म्हणून मागितला. तोफ असती तर तिनं हातही लावला नसता. हे असं होऊ शकतं, ही शक्यता माझ्या सव्वीस रकान्यांत कुठेच नव्हती.

कॅमेरा नसल्यावर हातांचं करायचं काय, हे मला कळेना. मग मी पाण्याच्या बाटल्या घेतल्या, सईची टोपी सांभाळली, आणि तिच्या बाजूनं चालू लागलो. अशा चालण्यात माणूस बोलतो. तिनं विचारलं, हॉस्टेलात कपडे रोज धुवायचे की वीकली? मी सांगितलं, की सांगलीच्या हॉस्टेलात मी एक शर्ट चार दिवस घालायचो आणि पाचव्या दिवशी उलटा करून. ती "ईऽऽ बाबा!" करून हसली आणि त्या हसण्यातच तिनं माझा फोटो काढला. हत्तीच्या आकाराच्या त्या मोठ्या खडकाखाली वाळूत बसलो असताना तिनं विचारलं, "पहिल्या दिवशी तू रडला होतास?"

"छे."

"बाबा."

"रडलो होतो. न्हाणीघरात. नळ सोडून."

तिनं मुठीतली वाळू सोडून दिली. मग म्हणाली, "ओके. नळ. गुड आयडिया." मेधा पलीकडून म्हणाली, "मला कधी सांगितलं नाहीस हे!" गेले सहा महिने पोरीच्या जाण्याचा जो दगड माझ्या छातीवर होता, तो तिथे त्या खडकाखाली उतरला. ती जाणार होतीच. पण ती काय विचार करते आहे हे आता मला माहीत होतं, आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे.

परतल्यावर मी दुकानात गेलो. मामूंनी लांबची लेन्स काढून टेबलावर ठेवली. "बोल. कुठं अडलं?"

"मामू, खरं सांगू? मला काही कल्पना नाही. कॅमेरा माझ्याकडे नव्हताच."

मामू इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी कॅमेरा मागितला आणि त्याच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो बघू लागले. मी पाणी पाजताना, मी टोपी धरून, मेधा आणि मी भांडताना, मी तोंड उघडं टाकून हसताना. एकही फोटो धड चौकटीत नाही. दोनांत माझं डोकं कापलेलं.

"तू दिसतोस रे सगळ्यात," मामू म्हणाले. मग बराच वेळ पडद्याकडे बघत बोलत राहिले. "इथं आल्यावर पहिल्या दोन वर्षांत मीच एक कॅमेरा घरी धाडला होता. चांगला होता. माझी पोरगी नसीम त्याच्यात मोठी झाली. चालली, शाळेत गेली, लग्न झालं. सगळे फोटो हायत. सगळी माणसं हायत. मी सोडून."

"लग्नाला गेला नव्हता?"

"हजचा सीझन होता. दुकान सोडता येत नव्हतं. पुढल्या साली जाऊ म्हटलं, कायमचं. मग त्याच्या पुढल्या." त्यांनी भिंतीला लावलेल्या खोक्यांच्या चळतीकडे हात केला. "ह्या गल्लीतल्या किती जणांची खोकी बांधून दिली मी, तुला सांगतो…" आणि सांगायचं सोडून दिलं. मी विचारलं, नसीमची मुलगी केवढी झाली आता?

"बालवाडीत," असं म्हणून मामूंनी मान वर केली. "बारावीत नाय अजून. बालवाडीत हाय."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर इथला परवाना असतो त्या मालकाला, भेटून कायमचं जाण्याचे कागद मागितले. गल्लीत कुणाचा विश्वास बसेना. दुकान एका केरळच्या माणसानं घेतलं. त्याला खोकी हवी होती, कॅमेरे नको होते. ते मामूंनी ओळखीच्यांत वाटून टाकले. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो आणि जाताना करायचं भाषण गाडीत मनातल्या मनात जुळवत होतो. मी तोंड उघडताच मामू म्हणाले, "यल्ला, गाडी काढ. इथं दंड लागतो." आणि मागं न बघता आत गेले.

ऑगस्टमध्ये सई गेली, गळ्यात तो पितळी कोपऱ्यांचा कॅमेरा घालून. त्या आठवड्यात एका दुपारी, सुटीच्या दिवशी, मेधा आणि मी जेवायला बसलो. तिघांचा भात लावायची सवय मोडलेली नव्हती, तो उरला. मी उठून मामूंना गावच्या नंबरावर फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज, बायकांचं बोलणं, कुणीतरी कुणालातरी मासळीत काटे आहेत म्हणून बजावत होतं.

"पोरगी पोचली काय?" मामूंनी विचारलं.

"पोचली. खोली आवडली म्हणते."

"मग तू का रडवेला झालास? घर गप्प वाटतं, होय ना?"

"हो मामू. तुम्ही कसे आहात? तिकडे करमतं ना?"

"करमायला वेळ कुठं हाय रे? सकाळी नातीला शाळेत सोडा, दुपारी आणा. रस्त्यात दहा वेळा बसते ती, मग घ्या कडेवर. वर मलाच विचारते, नाना, तुम्ही दमला काय?" इतक्यात पलीकडून एक बारीक आवाज चिरकला, "नाना! चला ना! सगळी थांबलीत!"

"आलो गं!" मामू तिकडे ओरडले आणि मग मला म्हणाले, "ठेवतो रे. माझं ताट वाढलंय."

इतक्या वर्षांत त्यांनी माझा फोन आधी ठेवला तो त्या दिवशी पहिल्यांदाच. मी जागेवर येऊन बसलो. "काय झालं? हसतोस काय?" मेधानं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. मामू जेवायला बसले." आणि उरलेला भात आम्ही दोघांनी मिळून संपवला.